इंग्रजीतलं ‘सेल’ हे क्रियापद नीट कसं वापरावं

देवनागरीत एक पंचाईत आहे. विकणे, विक्री आणि घड्याळातला सेल, तिन्ही शब्द आपण ‘सेल’ असेच लिहितो. म्हणून आधी काय म्हणायचंय ते ठरवा. विकणे असेल तर स्पेलिंगच्या शेवटी दोन एल आणि उच्चार ‘बेल’सारखा आखूड. विक्री असेल तर एकच एल, पुढे ई, आणि मधला स्वर लांबवायचा. घड्याळातला सेल उच्चारात क्रियापदाचा जुळा भाऊ, फक्त त्याचं स्पेलिंग सी अक्षराने सुरू होतं.

मग काळ. सेल, सोल्ड, सोल्ड. ‘सेल्ड’ असं रूप नाही, आणि सोल्डमध्ये एलही एकच उरतो.

आता खरी मेख. ‘त्याने सायकल भावाला दोन हजाराला विकली’ या वाक्यात आपण दोन्ही ठिकाणी ‘ला’ लावून मोकळे होतो. इंग्रजीत माणसाला ‘टू’ आणि किमतीला ‘फॉर’: ‘ही सोल्ड द सायकल टू हिज ब्रदर फॉर टू थाउजंड’. माणूस क्रियापदाला चिकटून आला तर ‘टू’ गळतो: ‘ही सोल्ड हिज ब्रदर द सायकल’. तोट्यात विकली असेल तर ‘ॲट अ लॉस’.

पुढची पायरी सगळ्यात चुकते. वस्तू ‘खपते’ हे सांगायला मराठीत वेगळं क्रियापद आहे, इंग्रजीत तेच चालतं: ‘धिस बुक सेल्स वेल’. मी कित्येक वर्षं ‘धिस बुक इज सोल्ड वेल’ लिहीत असे. पुस्तक स्वतःला थोडंच विकणार, कोणीतरी विकतंय, मग ‘इज’ हवंच, असा माझा हिशेब. पण खप सांगताना इंग्रजी विकणाऱ्याचा विचारच करत नाही. सोपी चाचणी अशी: मराठीत ‘खपतं’ बसत असेल तर ‘सेल्स’, ‘विकलं जातं’ बसत असेल तर ‘इज सोल्ड’.

(गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा मूळ अर्थ नुसता ‘देणे’ होता. आपल्याकडेही ‘विकणे’ आणि ‘विकत घेणे’ एकाच ‘विक’वर उभे आहेतच.)

जोडशब्द थोडक्यात. ‘सोल्ड आउट’ म्हणजे सगळं संपलं. ‘सेल ऑफ’ म्हणजे मिळेल त्या किमतीत काढून टाकणे. पाकिटावरची ‘सेल बाय’ तारीख दुकानदारासाठी असते, खाणाऱ्यासाठी ‘यूज बाय’ बघा. ‘फॉर सेल’ म्हणजे विकायला आहे. ‘ऑन सेल’ म्हणजे अमेरिकेत सवलतीत, ब्रिटनमध्ये मात्र नुसतं ‘विक्रीस उपलब्ध’ असाही अर्थ होतो. हे दोन्ही शब्द क्रियापदातून नव्हे, नामातून आलेत, तेव्हा एल एकच.

आणि कोणी ‘आय ॲम नॉट सोल्ड ऑन धिस आयडिया’ म्हणालं, तर विक्रीचा संबंध नाही. त्याला तुमची कल्पना पटलेली नाही, एवढंच.