तिर्रटचा हात कॅसिनोत चालत नाही: थ्री कार्ड पोकर खेळताना या चुका टाळा

सोयाबीनची पट्टी झाली, दिवाळी उरकली की लातूर, नांदेड, बीडकडची पोरं गाडी करून गोव्याला निघतात. त्यातले बरेच जण पणजीला मांडवी नदीतल्या कॅसिनो जहाजावर एक रात्र काढतात आणि बसतात ते नेमके थ्री कार्ड पोकरच्या टेबलावर. तीन पानं, आपल्या तिर्रटसारखीच (म्हणजे तीन पत्ती). हात लहानपणापासून बसलेला, त्यामुळे नवं काही शिकायची गरज वाटत नाही. पैसा इथेच जायला लागतो.

तिर्रटमध्ये समोर माणूस असतो. त्याला घाबरवता येतं, भुलवता येतं, त्याचा चेहरा वाचता येतो. कॅसिनोत पानं वाटणाऱ्या डीलरला स्वतःहून काहीच ठरवायचं नसतं. तो पॅक होत नाही (म्हणजे पानं टाकून डाव सोडत नाही), चाल वाढवत नाही, तुमच्या तोंडाकडे पाहून बदलत नाही. त्यामुळे गावातल्या डावात जे तुमचं बळ होतं, त्यातलं बरंचसं इथे आपल्याच खिशावर येतं.

खेळ थोडक्यात असा. तुम्ही अँटी, म्हणजे पानं मिळण्याआधीची रक्कम, लावता. तुम्हाला तीन आणि डीलरला तीन पानं मिळतात. आपली पानं पाहून एक तर पॅक व्हायचं आणि अँटी सोडायची, नाहीतर अँटीइतकीच रक्कम ‘प्ले’च्या चौकोनात ठेवायची. मग डीलर पानं उघडतो. त्याच्याकडे किमान राणी किंवा त्याहून मोठा हात असेल तरच तो क्वालिफाय होतो, म्हणजे तुमच्या हाताशी लढायला पात्र ठरतो; मग ज्याचा हात मोठा तो जिंकतो.

पानांचा क्रम गृहीत धरणं

तिर्रटमध्ये ट्रेल, म्हणजे एकसारखी तीन पानं, सर्वांत मोठी. थ्री कार्ड पोकरमध्ये एकाच रंगाची (सगळी बदाम किंवा सगळी इस्पिक, अशी) सिक्वेन्स, म्हणजे ओळीने येणारी तीन पानं, आपली प्युअर, ट्रेलच्या वर असते. यामागे सरळ गणित आहे. ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे हात होतात. त्यात ट्रेल ५२ आणि प्युअर ४८. जे दुर्मीळ, ते वर. त्याखाली सिक्वेन्स ७२०, कलर (एकाच रंगाची, पण ओळीत नसलेली पानं) १,०९६, जोडी ३,७४४, आणि उरलेले १६,४४० हात नुसत्या वरच्या पानाचे. एक्का-दुर्री-तिर्री आपल्याकडे मोठी सिक्वेन्स मानतात, इथे ती सर्वांत लहान. काही टेबलांवर तीन पत्तीच्याच नावाने डीलरविरुद्धचा खेळ असतो, तिथला क्रम वेगळा असू शकतो. म्हणून बसण्याआधी टेबलावर छापलेला तक्ता वाचा. समजला नाही तर डीलरला विचारा, त्यात लाज कसली?

“दाजी, कलर लागला तरी अर्धेच दिले!”

ही तक्रार हमखास कानावर येते. अँटी ५००, प्ले ५००, हातात बदामाचा कलर. डीलर उघडतो तर गुलामाच्या वर काही नाही. डीलर अँटीवर ५०० देतो, आणि प्लेचे ५०० जसेच्या तसे परत करतो. माणसाला वाटतं फसवलं.

फसवणूक नाही, नियमच तसा आहे. डीलर क्वालिफाय झाला नाही की फक्त अँटीचे पैसे मिळतात, प्ले बरोबरीत सुटतो. असं साधारण दहापैकी तीन वेळा होतं. पण याच वेळी दुसरीही गोष्ट घडते: तुमच्या हातात काहीही असलं तरी अँटी तुम्ही जिंकता. सिक्वेन्स किंवा त्याहून मोठा हात असेल तर अँटीचा बोनस मात्र डीलर क्वालिफाय होवो न होवो, मिळायलाच हवा. तो सहसा सिक्वेन्सला १, ट्रेलला ४ आणि प्युअरला ५ पट असतो. तो सुटला तर लगेच बोला. डीलरने पानं उचलून एकत्र केल्यावर वाद घालणं अवघड जातं. पानांना हात न लावता शांतपणे थांबायला सांगा आणि सुपरवायझरला बोलवा. टेबलावर कॅमेरा असतो, हात पुन्हा पाहता येतो.

ब्लाइंड खेळणं

तिर्रटमध्ये ब्लाइंडला, म्हणजे पानं न पाहता खेळणाऱ्याला, अर्धी चाल असते, म्हणून ब्लाइंडला अर्थ आहे. समोरचाही बिचकतो. इथे तशी सूट नाही आणि बिचकणारं कुणी नाही. तरीही मित्रांसमोर रुबाब म्हणून पानं न पाहता प्ले ठेवणारे भेटतात. नीट खेळलं तर या खेळात कॅसिनोचा फायदा अँटीच्या सुमारे ३.३७ टक्के असतो. सगळेच हात खेळले तर तो साडेसात टक्क्यांच्या वर जातो.

कधी पॅक व्हायचं, हे मनावर सोडणं

अनेकांचा सगळ्यात मोठा तोटा या एका ठिकाणी होतो, म्हणून नीट समजून घ्या. नियम एवढाच आहे: राणी-छक्का-चौका किंवा त्याहून मोठा हात असेल तर खेळा, नसेल तर पॅक.

समजा तुमच्याकडे गुलाम, नव्वा आणि पंजा आहे, रंग वेगळे. अँटी ५०० ची. मन म्हणतं, पाचशे गेलेच आहेत, अजून पाचशे ठेवून पाहू. असे शंभर हात आले असं धरा. साधारण सत्तर वेळा डीलर क्वालिफाय होणार, आणि क्वालिफाय झालेला डीलर गुलामाला हरवणारच, कारण त्याच्याकडे किमान राणी आहे. तिथे प्रत्येक वेळी १,००० गेले, म्हणजे ७०,०००. उरलेल्या तीस वेळा अँटीचे ५०० आले, म्हणजे १५,०००. निव्वळ तोटा सुमारे ५५,०००. शंभरही वेळा गप पॅक झाला असता तर तोटा ५०,००० वर थांबला असता.

राणीच्या हातात तुलना कशी करायची, इथेही गोंधळ होतो. आधी दुसरं पान पाहायचं. राणी-सत्ता-दुर्री खेळायची, कारण सत्ता छक्क्यापेक्षा मोठा. राणी-छक्का-तिर्री पॅक, राणी-पंजा-चौका पॅक. आणि राजा किंवा एक्का वर असेल तर खालची पानं कितीही फडतूस असोत, खेळायचं. राजा-तिर्री-दुर्री पाहून घाबरून पॅक होणं हीसुद्धा चूकच आहे.

हा नियम पाळला तर जवळजवळ एक तृतीयांश हात सोडावे लागतात. सलग चार-पाच वेळा पॅक व्हायला लागलं की माणूस अस्वस्थ होतो, शेजारचा टोचतो, “अरे, खेळायला आलास की पानं परत द्यायला?” त्याचं ऐकू नका. पाचशे तुमचे आहेत.

पेअर प्लसचा तक्ता न वाचणं

पेअर प्लस ही वेगळी लावायची रक्कम. डीलरशी तिचा संबंध नाही, तुम्हाला जोडी किंवा त्याहून मोठा हात लागला की पैसे. तक्त्यात कलरला ४ पट लिहिलंय की ३ पट, एवढं पाहा. जोडीला १, कलरला ४, सिक्वेन्सला ६, ट्रेलला ३०, प्युअरला ४० असेल तर कॅसिनोचा फायदा २.३२ टक्के. बाकी सगळं तेच ठेवून कलर ३ वर आणला की ७.२८ टक्के. असा तक्ता दिसला तर तो चौकोन रिकामा ठेवा. चांगल्या तक्त्यावरही चारपैकी तीन वेळा काहीच लागत नाही, हे लक्षात असू द्या.

कराचा हिशेब घरीच न करणं

टेबलावरच्या तीन टक्क्यांवर आपण एवढं बोलतो, पण दारातच त्याहून मोठी रक्कम जाते. कॅसिनोवर आधी २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. तो चिप्स विकत घेतल्याच्या रकमेवर लागतो; जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर पुन्हा लागत नाही. कर वेगळा घेणार की पॅकेजमध्येच धरलाय, हे पैसे देण्याआधी विचारा. पॅकेजसोबत मिळणाऱ्या एकदाच खेळायच्या चिप्स रोखीत बदलून मिळत नाहीत. काउंटरवर त्यावरून भांडण काढणारे दिसतात, वेळ वाया जातो.

जिंकलात तर त्या रकमेवर ३० टक्के आयकर आणि वर उपकर. आधीच्या रात्री हरलेले त्यातून वजा करता येत नाहीत. हे सगळं मांडल्यावर या खेळातून कमाई होईल ही आशा उरत नाही, आणि ती न उरणंच बरं. करमणुकीला जेवढे खर्च करायचे तेवढेच न्या. एटीएम कार्ड हॉटेलच्या खोलीत ठेवा. सोयाबीनच्या पट्टीतले, पोराच्या फीचे, सावकाराला द्यायचे पैसे गाडीत बसतानाच सोबत नकोत. “आता इतके हात हरलोय, पुढचा येणारच” हे तर मनातून काढून टाका. दर हाताला पानं नव्याने पिसली जातात, मागचं त्यांना काही आठवत नाही.

गावातच टेबल शोधणं

महाराष्ट्रात कॅसिनोला परवानगी नाही. १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दही झाला. फार्महाउसवर कुणी डीलर बसवून टेबल मांडलं असेल तर तो सरळ जुगाराचा अड्डा आहे. तिथे पत्ते कोण पिसतंय, क्रम कोणता, पैसे मिळतील का, कशाचीच खात्री नाही, वर पोलिसांची धाड. मोबाइलवर ‘लाइव्ह डीलर’ दाखवणाऱ्या ॲपचंही तेच. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आहे. टेलिग्रामवर लिंक पाठवून पैसे भरायला सांगणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

थांबायचं ठरवूनही थांबता येत नसेल, घरात खोटं बोलावं लागत असेल, उसने घेऊन खेळणं सुरू झालं असेल तर पानांचे नियम शिकून काही होणार नाही. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. बायकोने किंवा भावाने फोन केला तरी चालतो.