बार चालवताना या चुका टाळा: बाटल्या नव्हे, अल्कोहोल मोजा

शनिवारी रात्री नाशिकच्या गंगापूर रोड किंवा कॉलेज रोडवरच्या बारच्या गर्दीत वेटर टेबलावरच्या बाटल्या मोजतो आणि म्हणतो, "दोनच बिअर झाल्यात." इथेच पहिली चूक होते. ६५० मिलीच्या स्ट्राँग बिअरमध्ये ८ टक्के धरले तर ५२ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलीच्या लार्ज पेगमध्ये ते जेमतेम २६ मिली. म्हणजे एक स्ट्राँग बाटली बरोबर दोन लार्ज, आणि "दोनच बिअर" म्हणजे चार लार्ज! शरीर तासाला साधारण १० मिलीच पचवतं. त्यामुळे नऊ वाजता रिकामी झालेली बाटली मध्यरात्रीही अंगात असते. केओटीवर, म्हणजे आत जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, प्रत्येक ऑर्डरची वेळ लिहा. पुढचा राउंड विचारण्याआधी कॅप्टनने (वेटरांच्या प्रमुखाने) ती बघावी.

दुसरी चूक काउंटरवरची, अंदाजाने ओतणं. ७५० मिलीच्या बाटलीत साडेबारा लार्ज बसतात. दहाच निघाले, तर प्रत्येक ग्लासात ७५ मिली गेलं. मालकाचं नुकसान होतंच, पण गिऱ्हाईक चार पेग समजून पाच पितं, हे जास्त वाईट. वैधमापन (वजनमापं तपासणाऱ्या) विभागाचा शिक्का असलेला पेग मेजर वापरा आणि तो काठोकाठ भरूनच ओता. वाइन द्राक्षाची म्हणून हलकी, असा समज नाशकात फार आहे. १३ टक्क्यांचा १५० मिलीचा ग्लास म्हणजे पाऊण लार्ज.

वय चेहऱ्यावरून ठरवू नका. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ वर्षं पूर्ण लागतात, व्हिस्की-रमला २५. एकाच टेबलावर २३ वर्षांचा मुलगा आणि २७ वर्षांचा भाऊ बसले असतील, तर ऑर्डर मोठ्या भावाने दिली तरी ग्लास कुणापुढे जातोय ते बघा. ओळखपत्रावरची जन्मतारीख वाचा, नुसता फोटो बघून परत देऊ नका.

चखण्यात नुसते खारे शेंगदाणे दिले की तहान वाढते आणि पिणंही. पनीर, अंडा भुर्जी, चिकन असं पोटात टिकणारं पहिल्या पेगबरोबरच सुचवा. पाण्याचा जग न मागता ठेवा. जास्त झाल्यावर लिंबूपाणी किंवा कॉफी दिल्याने काही उतरत नाही. उतरतं ते फक्त वेळेने.

नाही म्हणायचं ते चारचौघांत नको. कॅप्टनने बाजूला वाकून हळू आवाजात सांगावं, "साहेब, आता जेवण लावतो, नंतर बघू." बरोबरच्या शुद्धीवरच्या मित्राला सोबत घ्या. गाडीची किल्ली मागा, रिक्षा बोलावून द्या. गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

आणि कुणी टेबलावर डोकं टेकून झोपलं, तर "झोपू द्या" म्हणून सोडू नका. हाक मारा, हलवा. जाग येत नसेल, अंग गार पडलं असेल, श्वासात दहा सेकंदांचा खंड पडत असेल, तर कुशीवर वळवा, एकटं ठेवू नका, ओकायला लावू नका आणि लगेच १०८ लावा.