तरुण संघाला आकाश दाखवायचे असेल तर

दुर्बीण लगेच घेऊ नका. चर्चच्या मंडळीत तरुण संघासाठी आकाशदर्शनाची टूम निघाली की वर्गणी काढून बारीक तिवईवरची चकचकीत दुर्बीण आणली जाते आणि दोन रविवारांत ती कपाटात जाते. खोक्यावर ‘५२५ पट’ छापलेले असते, पण तिवई बोट लागले तरी थरथरते आणि निसटलेला ग्रह पुन्हा सापडत नाही. पहिल्या हंगामात नुसते डोळे, कोनमापक आणि एक १०×५० ची (दहा पट, ५० मिमी भिंगांची) द्विनेत्री म्हणजे बायनॉक्युलर एवढे पुरते.

हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि मे महिन्यात संपतो. जागा चर्चचे आवारच बरे. आमच्या नाशिकजवळ अंजनेरीच्या बाजूला किंवा गंगापूर धरणाकडे आकाश जास्त काळे मिळते हे खरे, पण गोदाकाठच्या उसात बिबट्याचा वावर आहे आणि वनखात्याच्या हद्दीत रात्री परवानगीशिवाय जाता येत नाही. त्यामुळे पालकांची लेखी संमती, गाडी आणि चार मोठी माणसे जमल्याशिवाय मुलांना तिकडे नेऊ नका. आवारातला हॅलोजन बंद करायला आधीच सांगून ठेवा. ऐनवेळी बटण कुठे आहे हे कोणालाच माहीत नसते.

डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि एका मोबाईलच्या उजेडाने ती वाया जातात. मोबाईल टोपलीत जमा करा. टॉर्चच्या तोंडावर लाल जिलेटिन कागदाचे दोन पदर रबरबँडने बांधा. प्रार्थना आणि शास्त्रवाचन याच वेळात उरकते, वेगळा वेळ काढावा लागत नाही.

आता पहिला धडा, ध्रुवाची उंची. प्रत्येक जोडीला एक अर्धगोल कोनमापक, एक स्ट्रॉ, २५ सेंटिमीटर दोरा आणि एक लोखंडी नट द्या. स्ट्रॉ कोनमापकाच्या सरळ कडेवर चिकटपट्टीने बसवा, दोरा मधल्या छिद्रातून ओवून खाली नट लोंबू द्या. एकाने स्ट्रॉमधून तारा पाहायचा, दुसऱ्याने दोरा थांबला की आकडा वाचायचा. क्षितिजाकडे रोखल्यावर दोरा ९० वर येतो. म्हणून वाचलेला आकडा ९० मधून वजा करायचा.

गडबड इथेच होते. नाशिक सुमारे २० अक्षांशावर आहे, त्यामुळे ध्रुवतारा क्षितिजापासून २० अंशांवर असतो आणि दोरा ७० दाखवतो. मुले ‘७०’ सांगून मोकळी होतात. कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी असतात, काहीजण दुसरी ओळ वाचून ११० सांगतात. पडताळा हाताने घ्या. हात लांब केल्यावर मुठीची रुंदी सुमारे १० अंश भरते, म्हणजे ध्रुव क्षितिजापासून दोन मुठी वर हवा. १८ ते २२ मधले कोणतेही उत्तर बरोबर धरा. आणि ध्रुव सर्वांत तेजस्वी नसतो हे आधीच सांगून टाका, नाहीतर सगळे व्याधाकडे स्ट्रॉ रोखतात. हिवाळ्यात संध्याकाळी M आकाराच्या शर्मिष्ठेवरून, मार्चनंतर सप्तर्षीवरून ध्रुव शोधा. जेरुसलेमचा अक्षांश सुमारे ३२. तिथे ध्रुव इथल्यापेक्षा आणखी बारा अंश वर दिसेल. हा बारा अंशांचा फरक वहीत लिहून ठेवायला सांगा, मे महिन्यात तो लागणार आहे.

दुसऱ्या भेटीला कृत्तिका आणि मृग. बायबलमधल्या ईयोब आणि आमोस या दोन्ही पुस्तकांत त्यांचा उल्लेख आहे. नुसत्या डोळ्यांना कृत्तिकेत सहाच्या आसपास तारे दिसतात, द्विनेत्रीतून कितीतरी जास्त. आधी मोजू द्या, आकडे लिहून घ्या आणि मगच स्तोत्र १४७ मधले ताऱ्यांच्या गणतीचे वचन वाचा. क्रम उलटा केला तर मुले मोजतच नाहीत. द्विनेत्री हलते म्हणून कोपरे भिंतीवर टेकवा. नक्षत्रांची नावे ऐकून एखादे पालक ज्योतिषाबद्दल विचारतीलच. त्यांना बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातले ४:१९ दाखवा. तिथे आकाशातल्या ज्योतींना भजण्याची मनाई आहे, पाहण्याची नाही.

गुरूचे चंद्र दाखवताना गॅलिलिओचे नाव येणारच. ७ जानेवारी १६१० ला त्याला ते पहिल्यांदा दिसले हे सांगा. १६३३ मध्ये चर्चने त्याला शिक्षा केली हेही सांगा. लपवले तर मुलांना ते दुसरीकडून कळते आणि मग तुमच्या बाकीच्या बोलण्यावरही त्यांचा विश्वास राहत नाही. येशूच्या जन्माच्या वेळच्या बेथलेहेमच्या ताऱ्याचेही तसेच. इ.स.पू. ७ मध्ये गुरू आणि शनी तीनदा जवळ आले होते. तोच तो तारा, हा एक अंदाज आहे, पुरावा म्हणून विकू नका.

ईस्टरची तारीख हा फार उपयोगी धडा, आणि त्याला उपकरण लागत नाही. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार असा नियम आहे. (पौर्णिमा चर्चच्या कोष्टकातली, म्हणून कधीकधी एखाद्या दिवसाचा फरक पडतो.) म्हणूनच ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेला पश्चिमेला किंवा दक्षिणेला उतरता चंद्र असतो. आभाळ मोकळे असेल तर तेवढ्यासाठी सगळ्यांना दोन मिनिटे बाहेर काढा. येशूला क्रुसावर दिले त्या उत्तम शुक्रवारच्या तीन तासांच्या अंधाराबद्दल ‘ते ग्रहण होते का?’ हा प्रश्न हमखास येतो. ते दिवस वल्हांडण या यहुदी सणाचे होते. वल्हांडण पौर्णिमेला येतो, सूर्यग्रहण अमावास्येलाच होते आणि खग्रास अवस्था साडेसात मिनिटांच्या वर टिकत नाही. म्हणजे ग्रहण नव्हे. मग काय होते, ते खगोलशास्त्राच्या तासाला सोडवायचे नाही.

सुट्टीतील बायबल शाळेसाठी त्रिशंकू राखून ठेवा. हा क्रुसाच्या आकाराचा दक्षिणेकडचा तारकासमूह नाशिकहून दिसतो, पण अगदी खाली. वरचा तारा १३ अंशांवर, खालचा तारा जेमतेम ७ वर. एप्रिलअखेर रात्री साडेदहाला आणि मेच्या मध्याला साडेनऊला तो थेट दक्षिणेला उभा असतो. अमावास्येच्या आसपासची रात्र धरा. दक्षिणेला इमारत आहे का, हे दिवसा कोनमापकाने तपासा. ७ अंशांपेक्षा उंच काही आड आले तर दुसरी जागा शोधा. मुले बहुतेक वेळा उजवीकडचा फसवा क्रूस दाखवतात. तो मोठा, पसरट आणि फिका असतो. खऱ्याच्या डावीकडे मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे असतात, ते दिसले की खात्री.

मग वहीतले बारा अंश काढायला लावा. जेरुसलेमला ध्रुव जितका वर जातो, तितकेच दक्षिणेचे तारे खाली जातात. १३ वजा १२. आजच्या जेरुसलेमहून वरचा तारा क्षितिजाला टेकलेला आणि खालचा दिसतच नाही. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी घेतो, त्यामुळे येशूच्या काळात हेच तारे तिथे दक्षिण क्षितिजाच्या जरा वर येत होते. उन्हाळ्यात धुळीमुळे खालचा तारा हरवतो. तसे झाले तर वाट पाहत बसू नका, वळवाची एखादी सर पडून गेल्यावर दुसऱ्या रात्री पुन्हा बोलवा.