बचत गटाच्या खात्यातील दरमहाची कपात अशी थांबली

आमच्या ११ जणींच्या बचत गटाचा हिशेब लिहिताना मला पासबुकात किमान शिल्लक न राखल्याबद्दलचे शुल्क आणि त्यावरील १८ टक्के जीएसटी दरमहा वजा झालेला दिसला. प्रत्येकीने पोटाला चिमटा काढून दिलेल्या १०० रुपयांतून ही रक्कम जात होती, याचे मला फार वाईट वाटले. चौकशीअंती कळले की शाखेने आमचे खाते चालू खाते म्हणून नोंदवले होते.

बचत खाते मागितल्यावर सर्वजणींची कागदपत्रे आणण्यास सांगण्यात आले. त्यासाठी बायकांनी मजुरी का बुडवावी? रिझर्व्ह बँकेच्या केवायसी (ग्राहकाची ओळख पडताळण्याच्या) निर्देशांनुसार गटाचे बचत खाते उघडताना पदाधिकाऱ्यांचीच पडताळणी पुरेशी असते. इतर सदस्यांची पडताळणी गटाला कर्ज देताना करता येते. ही तरतूद नमूद करून, बैठकीच्या ठरावाची प्रत जोडून मी लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतला. ही पोच जपून ठेवावी, कारण ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

आमच्यावर ती वेळ आली नाही. तिसऱ्या आठवड्यात बचत खाते सुरू झाले आणि कापलेली रक्कमही त्यात जमा झाली.