घरी जोडलेली गाडी रस्त्यावर आणताना: ब्रिटनमध्ये किट कारची तपासणी आणि नोंदणी कशी करावी

गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी जोडलेली गाडी पहिल्यांदा सुरू होते तेव्हा वाटतं, झालं एकदाचं. पण कायद्याच्या लेखी ती त्या क्षणी गाडी नसतेच. नीट रचलेला सुट्या भागांचा ढीग असतो. त्या ढिगाला नंबर मिळेपर्यंत दोन दारं ठोठवावी लागतात. पहिलं डीव्हीएसएचं, म्हणजे वाहनांची तपासणी करणाऱ्या सरकारी संस्थेचं; तिथे आयव्हीए ही एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी होते. दुसरं स्वान्सी शहरातल्या डीव्हीएलएचं, म्हणजे वाहन नोंदणी संस्थेचं; तिथून नंबर मिळतो. पहिल्या दारातून प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय दुसरं दार उघडत नाही.

एकेकाळी हे इतकं कडक नव्हतं. तयार गाडीवर खरेदी कर लागायचा आणि सुट्या भागांच्या संचावर लागायचा नाही, म्हणून ब्रिटनमध्ये किट कारचा धंदा फोफावला. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि तो फायदा संपला. १९९८ मध्ये अशा गाड्यांसाठी एसव्हीए तपासणी सुरू झाली आणि २००९ पासून तिची जागा आयव्हीएने घेतली.

पहिला पाना उचलण्याआधी

आयव्हीएची नियमावली सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळते. ती छापून घ्या आणि गॅरेजमध्येच ठेवा. हातांचं ग्रीस लागून तिची पानं काळी पडली तर समजा, तुमचं बरं चाललं आहे. बहुतेक लोक गाडी पूर्ण झाल्यावर नियमावली उघडतात, आणि मग रंगवलेला पत्रा पुन्हा कापायची वेळ येते. मीही त्यातलाच.

त्याच दिवशी एक जाड फाइल करा. प्रत्येक भागाची पावती तिच्यात जायला हवी, अगदी नट-बोल्टच्या पाकिटाचीसुद्धा. ही गाडी हौसेने घरी बांधली आहे, हे तुम्हाला सिद्ध करायचं असतं आणि त्यासाठी फोटो लागतात. नुसत्या चेसिसचा (गाडीच्या सांगाड्याचा), इंजिन बसवतानाचा, वायरिंग उघडं असतानाचा. एखाद्या फोटोत तुम्ही स्वतः तेलकट अवतारात असाल तर उत्तमच.

जुन्या गाडीचे भाग वापरणार असाल, तर त्या डोनर गाडीचं नोंदणीपत्र, म्हणजे व्ही-५-सी, जिवापाड जपा. धुराच्या चाचणीत कोणती मर्यादा लावायची हे इंजिनाच्या वयावर ठरतं, आणि ते वय कागदावर दाखवावं लागतं. जुन्या इंजिनाची सवलत तोंडी मागून मिळत नाही.

कोणता नंबर मिळेल, हे आधीच ठरवा

ब्रिटनमध्ये नंबरवरून गाडीचं वय कळतं, म्हणून हा विचार नोंदणीच्या वेळी नाही, भाग विकत घेताना करायचा असतो. सगळे भाग नवे असतील आणि तशा पावत्या असतील, तर चालू वर्षाचा नंबर मिळतो. त्यात नव्यासारखा करून घेतलेला एकच जुना भाग चालतो. किट बनवणाऱ्याकडून नवी चेसिस घेतली आणि एकाच डोनर गाडीचे दोन मुख्य भाग वापरले, तर त्या डोनरच्या वयाचा नंबर मिळू शकतो. चार गाड्यांचे चार भाग जमवले आणि कशाचाच कागद नसला, तर पदरात पडतो ‘क्यू’ने सुरू होणारा नंबर. गाडीचं वय किंवा मूळ सांगता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. गाडी त्यानेही रस्त्यावर धावते, पण त्या गाडीवर पुढे हौसेचा खास नंबर लावता येत नाही आणि विकताना गिऱ्हाईक नाक मुरडतं. म्हणून इंजिन एकीकडून आणि गिअरबॉक्स दुसरीकडून स्वस्तात मिळत असला, तरी मी दोन्ही एकाच गाडीतून घेईन.

बांधताना लक्ष कुठे द्यायचं

पहिल्यांदा बांधणाऱ्याला इंजिनाची धास्ती असते. प्रत्यक्षात गाड्या नापास होतात त्या कडांवर. बाहेरच्या अंगाला १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा जिथे जिथे टेकू शकतो, तिथली प्रत्येक कडक कड किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येने गोलावलेली हवी. आत डॅशबोर्डच्या भागात हाच खेळ १६५ मिलिमीटरच्या गोळ्याने होतो. तो म्हणजे प्रवाशाचं डोकं, असं समजायचं. नियम वाचताना रुक्ष वाटतो. पण परीक्षक गुडघ्यावर बसून तो गोळा पुढच्या सस्पेन्शनच्या दांड्यांवरून सावकाश फिरवतो आणि एका बोल्टच्या टोकाशी थांबून टॉर्च मारतो, तेव्हा आपल्याच छातीत धस्स होतं.

उघड्या चाकांच्या गाड्यांत सस्पेन्शनचे सगळे नट बाहेरून दिसतात. त्यांवर प्लास्टिकच्या टोप्या चढवा. पत्र्याच्या कडांना रबरी पट्टी लावा आणि ती चिकटवा. नुसती दाबून बसवलेली पट्टी परीक्षकाच्या बोटाने निघून येते. डॅशवरचे टोकदार धातूचे स्विच दिसतात झकास, पण नेमके तेच अडवतात. आरशांच्या कडाही तपासा.

वायरिंग दर ३०० मिलिमीटरच्या आत कुठेतरी धरलेलं हवं. ब्रेकच्या तेलाची पातळी टाकीचं झाकण न उघडता दिसली पाहिजे आणि ती उतरली तर इशारा देणारा दिवा लागला पाहिजे. ब्रेक दाबल्यावर मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम होता कामा नयेत. हलक्या गाडीत हे साधायला बराच घाम गाळावा लागतो. मागचा फॉग दिवा एकच लावत असाल तर तो मधोमध किंवा ड्रायव्हरच्या बाजूला घ्या, आणि ब्रेकच्या दिव्यापासून १०० मिलिमीटरपेक्षा जास्त लांब.

स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही. जास्त दाखवला तर १० टक्के अधिक ताशी ६.२५ मैल इथपर्यंत चालतं. त्यामुळे तो मुद्दाम किंचित जास्त दाखवेल असा लावून ठेवा. आवाजाची मर्यादा ९९ डेसिबल आहे. सायलेन्सर नवा असताना गाडी जेमतेम बसत असेल, तर आधीच मोठा सायलेन्सर घ्या.

अर्ज आणि केंद्रापर्यंतचा प्रवास

अर्जासोबत गाडीची माहिती, फोटो आणि हौशी बांधणीचं घोषणापत्र जातं. कागद पुरेसे वाटले की तारीख मिळते. चेसिसवर कोरलेला नंबर, चेसिस नंबरच्या पट्टीवरचा नंबर आणि अर्जातला नंबर अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. शून्य आणि ओ यांच्या घोळात अर्ज परत आलेले मी पाहिले आहेत.

गाडीला नंबर नसतानाही, ठरलेल्या तपासणीला ती रस्त्यावरून चालवत नेता येते. मात्र चेसिस नंबरवर विमा काढलेला हवा आणि गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी हवी. तारखेचं पत्र सोबत ठेवा. माझं मत विचाराल तर ट्रेलरवरून न्या; पहिल्याच लांबच्या फेरीत काहीतरी सैल होतंच, आणि ते मोटरवेवर होऊ नये.

तपासणीचा दिवस

टाकीत पुरेसं इंधन, पिशवीत पाने, टॉर्च, जादा टोप्या, गोंद आणि काळी चिकटपट्टी. तपासणीत बराच वेळ जातो. परीक्षकाला मध्ये मध्ये सल्ला देऊ नका. विचारलं तर फाइल उघडून दाखवा. छोटी गोष्ट जागच्या जागी दुरुस्त करायची परवानगी मिळाली, तर पिशवी कामी येते.

माझी गाडी पहिल्या वेळी स्टिअरिंगवर अडकली. सावकाश वळण घेताना स्टिअरिंगचं चाक सोडलं की ते स्वतःहून मध्याकडे यायला हवं. माझं होतं तिथेच राहिलं. परीक्षकाने दोनदा फिरवून पाहिलं, ओठ दुमडले आणि लिहायला घेतलं. त्या यादीत सीटखालची एक कड आणि टोपी नसलेले तीन बोल्टही होते. घरी येऊन पुढच्या चाकांचा कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन) वाढवला, टायरमध्ये थोडी जास्त हवा भरली आणि स्टिअरिंग आपोआप मध्यावर येऊ लागलं. नापास झालात तर कारणांची लेखी यादी मिळते. सहा महिन्यांच्या आत फेरतपासणी करून घ्या, म्हणजे पूर्ण शुल्क पुन्हा भरावं लागत नाही.

पास झाल्यावर

हातात आयएसी, म्हणजे आयव्हीए पास झाल्याचं प्रमाणपत्र पडलं की स्वान्सीची तयारी करा. नोंदणीचा फॉर्म, बांधलेल्या गाडीच्या पाहणीचा व्ही-६२७/१ फॉर्म, आयएसी, मूळ पावत्या, फोटो, डोनर गाडी असेल तर तिचं व्ही-५-सी, ओळख आणि पत्त्याचे पुरावे, पहिल्या नोंदणीचे ५५ पौंड आणि रस्ते कर. पाकीट बंद करण्यापूर्वी प्रत्येक कागदाची प्रत काढा आणि नोंद होणाऱ्या टपालानेच पाठवा. उत्तराला आठवडे लागू शकतात. मध्ये एखादा प्रश्न विचारणारं पत्र आलं तर ते तुमच्या फाइलमधूनच सुटतं.

पुष्कळ जण पास झाल्याच्या दुसऱ्या दिवशी टोप्या आणि रबरी पट्ट्या काढून फेकतात, कारण गाडी त्यांच्याशिवाय देखणी दिसते. मी डॅशच्या खालची पट्टी तशीच ठेवली आहे. माझे गुडघे रोज तिलाच लागतात.

व्ही-५-सी घरी आलं की रंग, इंजिन नंबर आणि इंजिनाची क्षमता ताडून पाहा. चूक असेल तर लगेच कळवा. नंबर प्लेट बनवून घ्या, अक्षरांची उंची ७९ मिलिमीटर असते. आणि तिचे स्क्रू आवळायच्या आधी विमा कंपनीला फोन करा, कारण त्यांच्याकडे तुमची गाडी अजून चेसिस नंबरानेच नोंदलेली असते.