गिअरचा हँगर घरी घडवायचा असेल तर आधी हे जमवून ठेवा

सायकलचा मागचा डिरेल्युअर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, फ्रेमला ज्या बोटभर अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकलेला असतो, तो हँगर. सायकल उजव्या अंगावर पडली की आधी तोच वाकतो, आणि त्यानेच वाकायला हवं. तो वाकतो म्हणून फ्रेम वाचते. तेव्हा "एकदाचा मजबूत करून टाकू" म्हणून लोखंडी पट्टीचा हँगर करायचा विचार असेल तर तो आधी डोक्यातून काढा.

मग बघा, करायची गरज आहे का. २०१९ मध्ये सायकलचे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने यूडीएच (युनिव्हर्सल डिरेल्युअर हँगर) नावाचा एकाच मापाचा हँगर आणला. तुमची फ्रेम त्यासाठी बनलेली असेल तर सरळ विकत घ्या. बाकी आकार शेकड्यांनी आहेत, आणि जुन्या मॉडेलचा नेमका तुकडा नागपुरात सीताबर्डी पालथी घातली तरी मिळेलच असं नाही. करायचाच तर जुना हातात घेऊन नीट न्याहाळा. सपाट असेल किंवा जाडीत एकच पायरी असेल तर घरी जमतो. दोन्ही बाजूंनी गोलाई आणि तिरक्या खोबणी असतील तर कानस घासून हातच दुखतील. तो ऑनलाइन मागवावा.

पत्रा नाही, प्लेट लागते. जुन्याची सगळ्यात जाड जागा व्हर्निअरने मोजा आणि तेवढ्याच जाडीची प्लेट शोधा. १० मिमीची आणून ८ वर घासत बसायचं म्हणजे रविवार गेला. अ‍ॅल्युमिनियमची ग्रेड ६०६१ किंवा ६०८२, टी-६ (उष्णता देऊन कडक केलेली) असेल तर उत्तम. इतवारीत धातूच्या दुकानांत किंवा हिंगणा एमआयडीसीकडे कापून उरलेले तुकडे विचारा. १० सेंमी लांब, ५ सेंमी रुंद, १० मिमी जाड तुकडा जेमतेम १३५ ग्रॅम भरतो, तेव्हा दोन तुकडे घ्या. भांड्यांचं मऊ अ‍ॅल्युमिनियम नको, ते कानशीच्या दातांत चिकटून बसतं.

आता टॅप, म्हणजे छिद्रात आटे पाडायचं हत्यार, आणि इथे घाई नको. डिरेल्युअरच्या बोल्टचे आटे १० मिमीचे असतात, पण पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १ मिमी. हार्डवेअरच्या दुकानात नुसतं "दहाचा टॅप" म्हटलं तर १.५ पिचचा हातात पडेल, तो चालत नाही. "दहा बाय एक, फाइन" असं सांगा, खोक्यावर वाचा, मगच पैसे द्या. सोबत टॅप हँडल आणि ९ मिमीचं ड्रिल बिट. फ्रेमला बसणारे बारीक स्क्रू ३, ४ की ५ मिमीचे आहेत तेही मोजून ठेवा. आटे हँगरमध्ये असतील तर ड्रिल अनुक्रमे २.५, ३.३ आणि ४.२. बारीक टॅप आत तुटला तर तो पुन्हा ड्रिलने निघत नाही, म्हणून आधी एखाद्या रद्दी तुकड्यावर हात बसवून घ्या.

आकार उतरवायला वाकलेला हँगर उपयोगाचा नाही. तो व्हाइसमध्ये सरळ करा, मग स्कॅनरच्या काचेवर स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवा. छापून आल्यावर पट्टीचे १०० मिमी खरंच १०० भरतात का ते तपासा. कागद प्लेटवर पंक्चरच्या सोल्यूशनने चिकटवा. डिरेल्युअरचा बी-स्क्रू (त्याचा कोन ठरवणारा) जिथे टेकतो ती खाच ठळक करा, ती विसरली तर सगळं मुसळ केरात.

छिद्रं आधी, आकार नंतर. चौकोनी प्लेट व्हाइसमध्ये घट्ट बसते, वेडावाकडा तुकडा बसत नाही. सेंटर पंच मारा, डिरेल्युअरच्या बोल्टच्या छिद्राला ३ मिमीने सुरुवात करून ९ पर्यंत चढा. हे छिद्र काटकोनातच हवं. हातड्रिलवर भरवसा नसेल तर ड्रिल प्रेसवाल्या वर्कशॉपला थोडे पैसे देऊन तेवढंच करून घ्या, त्यात कमीपणा काही नाही. ड्रिल चालू असताना चष्मा हवा, हातमोजे नकोत. ते बिटमध्ये गुंडाळले जातात. टॅपला रॉकेल किंवा हलकं तेल लावा, गुण्याने सरळ बघा, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे फिरवताना चिप तुटल्याचा बारीक "कट" हाताला कळतो. तो येईनासा झाला आणि टॅप जड जाऊ लागला की बाहेर काढून पुसा.

हॅक्सॉचं ब्लेड इंचाला १८ किंवा २४ दातांचं, दात पुढे तोंड करून. कानशीवर आधी खडू घासा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम कमी अडकतं. सोबत तारेचा ब्रश. मे महिन्यात हे काम गच्चीवर काढायचं असेल तर सकाळी आठच्या आत, नाहीतर व्हाइसलाही हात लावता येणार नाही.

शेवटची जमवाजमव सरळपणा तपासायची. क्विक रिलीजच्या (हाताच्या खटक्याने सुटणाऱ्या) मागच्या चाकाच्या हबचा जुना अ‍ॅक्सल मिळवून ठेवा. त्याचेही आटे १० बाय १ असतात, त्यामुळे तो हँगरमध्ये थेट बसतो. साध्या सायकलचा अ‍ॅक्सल बहुधा ३/८ इंची असतो, तो ढिला लागेल. अ‍ॅक्सलला काटकोनात एक काठी घट्ट बांधा आणि मागच्या रिमपासून वर, खाली, पुढे, मागे अंतर मोजा. सगळीकडचा फरक ४ मिमीच्या आत यायला हवा.

डिरेल्युअर ग्रीस लावून ८ ते १० न्यूटन-मीटरने आवळा. चाक उचलून सगळ्यात मोठ्या दातेरी चाकावर चेन टाका आणि डिरेल्युअर स्पोक्सपासून किती दूर राहतो ते बघून लिमिट स्क्रू (डिरेल्युअर किती सरकावा हे ठरवणारे) लावा. मग आधी कॉलनीतच दोन चकरा, आणि गिअर नीट बसत असतील तर सेमिनरी हिल्सचा चढ.