नव्या वर्षाचा संकल्प देवासमोर ठेवताय? या चुका टाळा

व्यायामाचा संकल्प मोडला तर माणूस स्वतःला आळशी म्हणतो आणि विसरून जातो. प्रार्थनेचा, ग्रंथवाचनाचा किंवा कुणाला माफ करण्याचा संकल्प मोडला की प्रकरण तिथे थांबत नाही. 'आपली श्रद्धाच कच्ची' असा निकाल माणूस परस्पर देऊन टाकतो. माझं मत असं, की बहुतेक वेळा श्रद्धा ठीकठाक असते, संकल्प लिहिताना घोळ झालेला असतो. आणि लिहिण्यातला घोळ निस्तरता येतो.

मागणीलाच संकल्प म्हणणं

'या वर्षी बढती मिळू दे, मग मी रोज प्रार्थना करीन.' देवाकडे मागण्यात गैर काहीच नाही, माणसं कायमच मागत आली आहेत. पण मागणीला संकल्प म्हटलं की करायचं काम देवाच्या अंगावर जातं आणि हिशेबाची वही आपल्या हातात राहते. मार्चपर्यंत बढती आली नाही की प्रार्थना बंद.

दोन कागद घ्या. एकावर मागायचं ते सगळं मोकळेपणाने लिहा: तब्येत, नोकरी, घरातली शांतता. दुसऱ्यावर फक्त तुम्ही स्वतः करणार ते. मग दुसऱ्या कागदावरच्या प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: पहिल्या कागदावरचं काहीच मिळालं नाही, तरी मी हे करत राहीन का? उत्तर 'नाही' आलं तर ती ओळ उचलून पहिल्या कागदावर टाका. मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७५५ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेली, देवाशी केलेल्या कराराची उपासना मेथडिस्ट मंडळ्यांमध्ये आजही बहुधा वर्षाच्या सुरुवातीला होते. तिच्या प्रार्थनेत भक्त म्हणतो, मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव, दोन्ही मान्य. इतकी तयारी सगळ्यांची नसते, पण कसोटी म्हणून हे वाक्य जवळ ठेवण्यासारखं आहे.

संध्याकाळी तपासता न येणारी वाक्यं

'भक्ती वाढवेन', 'देवाच्या जवळ जाईन', 'सकारात्मक राहीन.' ऐकायला छान, पण रात्री झोपताना आज हे झालं की नाही, सांगता येईल का? मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवून दिलं, की 'अमुक झालं की मी तमुक करीन' अशा पद्धतीने वेळ आणि जागा आधीच ठरवलेली असली, तर ठरवलेलं हातून घडण्याची शक्यता वाढते.

उदाहरणच घेऊ. पहिला खर्डा: 'रोज वाचन करीन.' दुसरा: 'रोज सकाळी दहा मिनिटं वाचेन.' बरा आहे, पण अजून सकाळ कशी जाते याचा विचार त्यात नाही. गजर फोनवर असतो. तो बंद करायला फोन हातात येतो, दोन मेसेज दिसतात आणि अंथरुणातून उठेपर्यंत दहा मिनिटं संपलेली असतात. ग्रंथ मात्र कपाटाच्या वरच्या खणात, कापडात नीट गुंडाळलेला. म्हणून तिसरा खर्डा: 'रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवीन. सकाळी तोंड धुतलं की खुर्चीत बसून, खूण घातलेल्या पानावरून पाच ओळी वाचेन.' यात भव्य काहीही नाही. पण हा टिकतो.

जाता जाता आणखी एक. 'चिडणार नाही', 'नावं ठेवणार नाही' असे नकाराचे संकल्प शक्यतो उलटून लिहा. स्वीडनमध्ये हजाराहून अधिक लोकांच्या नववर्ष संकल्पांचा अभ्यास झाला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षअखेरीस 'अमुक करीन' म्हणणाऱ्यांपैकी सुमारे ५९ टक्के लोकांनी संकल्प पाळल्याचं सांगितलं, 'अमुक करणार नाही' म्हणणाऱ्यांपैकी ४७ टक्के. 'चिडणार नाही'ऐवजी 'आवाज चढला की पाणी प्यायला उठेन' असं लिहा.

एकाच दिवशी संत होण्याची घाई

पहाटे उठणं, ध्यान, उपवास, दानधर्म, पारायण, सगळं एक तारखेपासून. अमेरिकी धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्स यांनी ७० संकल्प लिहिले होते, असा दाखला इथे हटकून दिला जातो. पण ते एका बैठकीत लिहिलेले नव्हते. १७२२-२३ मध्ये, सुमारे एकोणीस वर्षांचे असताना, ते हळूहळू भर घालत गेले. सुरुवातीलाच त्यांनी नोंदवलं, की देवाच्या मदतीशिवाय मला काहीही जमणार नाही. शिवाय आठवड्यातून एकदा हे सगळे वाचायचे, असा नेम स्वतःला घालून दिला. आपल्याला उचलायचा तो हा नेम. सत्तरचा आकडा सोडून द्या. पैगंबर मुहम्मद यांचं एक वचन हदीसमध्ये आहे: अल्लाहला सर्वांत प्रिय ते काम, जे थोडं असलं तरी सातत्याने केलं जातं. एक संकल्प पुरे. फार हौस असेल तर दोन.

आशा म्हणून फक्त गोड चित्र रंगवणं

भिंतीवर सुंदर वाक्य लावलं, डोळे मिटून यशस्वी वर्ष पाहिलं, मन हलकं झालं. धोका नेमका तिथेच आहे. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगन यांच्या संशोधनात असं दिसलं, की नुसती गोड कल्पना केल्याने प्रत्यक्ष धडपडीचा जोर कमी होतो. हवं ते चित्र आणि वाटेतला अडथळा शेजारी शेजारी ठेवला तर फायदा होतो. म्हणून संकल्पाखाली एक ओळ अडथळ्याची लिहा, तीही स्वतःशी खरं बोलून: 'रविवारी पाहुणे असले की माझं सगळं विस्कटतं.' मग रविवारची वेळ वेगळी ठरवा. अडचण लिहिली म्हणजे श्रद्धा कमी पडली, असं वाटून घेऊ नका.

मोडलेल्या दिवसाची शिक्षा

माझ्या मते सर्वांत जास्त संकल्प इथे मरतात. एक दिवस चुकतो. दुसऱ्या दिवशी माणूस दुप्पट करायचं ठरवतो. तेही जमत नाही, मग तिप्पट. बायबल वर्षभरात पूर्ण वाचायचं ठरवणाऱ्यांचं बघा. एकूण अध्याय १,१८९, म्हणजे रोज तीनच्या थोडं वर. उत्पत्ती आणि निर्गम ही पहिली दोन पुस्तकं गोष्टींच्या ओघात सरतात आणि जानेवारी संपता संपता लेवीय येतं: अर्पणांचे नियम, शुद्ध-अशुद्धाचे नियम. गाडी अडते. दहा दिवस गेले की तीसहून जास्त अध्याय थकलेले असतात आणि ती थकबाकी पाहूनच पुस्तक मिटलं जातं.

उपाय साधा आहे: थकबाकी माफ. आज तारखेला जे पान असेल तिथून सुरू करा. राहिलेलं पुढच्या वर्षी वाचता येईल. यात ढिलाई वाटत असेल तर दोन गोष्टी लक्षात घ्या. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर म्हणावा असा परिणाम झाला नाही. आणि गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला चाळिसावा श्लोक सांगतो, की या मार्गात सुरू केलेलं वाया जात नाही, या धर्माचं थोडंसं आचरणही मोठ्या भयातून तारतं.

नोंद ठेवायची असेल तर सोळाव्या शतकातले ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांची पद्धत घ्या. सुधारायचा एकच दोष निवडायचा. तो घडला की छातीवर हात ठेवायचा, लोकांत असलात तरी कुणाला कळत नाही. दुपारी आणि रात्री जितक्या वेळा घडला तितक्या खुणा कागदावर करायच्या. मग कालचा दिवस आजच्याशी ताडून पाहायचा, हा आठवडा गेल्या आठवड्याशी. दुसऱ्या कुणाशी तुलना करायला त्या कागदावर जागाच नाही, आणि साखळी तुटल्याची लाल फुलीही नाही.

माणसांना वगळून देवाशी बोलणं

हे थोडक्यात. मिश्ना या ज्यूंच्या प्राचीन धर्मनियमांच्या संग्रहात स्पष्ट म्हटलंय, की माणसामाणसांतल्या अपराधांचं क्षालन प्रायश्चित्ताच्या दिवसानेही होत नाही, त्या माणसाची समजूत घातल्याशिवाय. येशूही सांगतो, अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करून ये. तेव्हा यादीत एखादा फोन करायचा राहिला असेल तर तो पहिल्या आठवड्यात करा. समोरच्याने उचललाच पाहिजे असं नाही. तो भाग पहिल्या कागदावरचा.

आणि आशाच वाटत नसेल तर?

मागचं वर्ष कुणाला तरी गमावण्यात गेलं असेल, तर जबरदस्तीने प्रसन्न संकल्प लिहू नका. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत 'हे परमेश्वरा, किती वेळ?' असं विचारणारी तेरावी रचनाही प्रार्थना म्हणूनच ठेवलेली आहे. तुमची तक्रार जशी आहे तशी लिहा आणि रोज तेवढीच म्हणा, शब्द सुचत नसतील तर नुसतं बसा. पण झोप आणि भूक कित्येक आठवडे उडालेली असेल, काहीच नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांना भेटा. त्यासाठी प्रार्थना थांबवावी लागत नाही.

बाकीच्यांनी महिन्याच्या शेवटी वही उघडून एवढं बघावं: संकल्प जड जातोय की कंटाळवाणा झालाय? जड असेल तर निम्मा करा. कंटाळा आला असेल तर तसाच आणखी महिनाभर चालवा, बदलायचं की नाही ते त्यानंतर ठरवा. बदललात तर जुनी ओळ खोडू नका, तिच्याखाली तारीख घालून नवी लिहा.